शेजाऱ्यांच्या कुत्र्याने आईला पाडलं, मनगट मोडलं, आणि ते म्हणतात "चावला तर नाही ना". खर्च मागता येतो का?

नेहा_सुदामानगर

नमस्कार, इंदूरमधलं कोणी कोर्टकचेरीचं जाणणारं असेल तर प्लीज सांगा, नऊ दिवस झाले डोकंच चालत नाहीये.

आई ६६ वर्षांची आहे. रोज सकाळी सहाला दत्ताच्या देवळात जाऊन येते, वीस वर्षांचा नेम आहे तिचा. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी परत येताना आमच्याच गल्लीतल्या शेजाऱ्यांचा लॅब्राडॉर मोकळा होता, म्हणजे गळ्यात पट्टा होता पण दोरी कोणाच्या हातात नव्हती, तो धावत आला आणि पुढचे दोन्ही पाय सरळ आईच्या छातीवर टाकले. आई मागच्या मागे रस्त्यावर पडली, उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लेट टाकावी लागली. ऑपरेशन, दोन दिवस ॲडमिट, औषधं मिळून आतापर्यंत १ लाख १२ हजार झालेत, फिजिओथेरपी अजून सुरूच व्हायची आहे. मेडिक्लेम नाही.

शेजारी (आपलेच मराठी लोक आहेत, गणपतीत आमच्याकडे आरतीला असतात) बघायला आले, सफरचंदं आणली, चहा घेतला, पैशाचं एक अक्षर नाही. शेवटी माझ्या भावाने विषय काढला तर म्हणाले, "तो चावला तर नाही ना, खेळायला आला होता बिचारा, आणि मी तर घरी पण नव्हतो, या वयात हाडं ठिसूळच असतात, तुम्ही शेजारी असून हिशोब मांडता का." भाऊ गप्प बसला. मी रात्रभर जागी होते.

अजून दोन गोष्टी. कुत्रा फिरवायला त्यांच्या घरी काम करणारा मुलगा नेतो, १९ वर्षांचा असेल, धारकडचा आहे. त्यानेच आईला उचलून घरी आणलं, रडत होता बिचारा, म्हणाला मॅडमच म्हणाल्या होत्या की सकाळी रस्ता रिकामा असतो, सोडून देत जा थोडा वेळ. दुसरं म्हणजे आई दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, चकल्या, अनारसे, चिरोटे, वर्षाची तिची स्वतःची कमाई तीच. यंदा सगळ्या ऑर्डरी फोन करकरून रद्द केल्या, ॲडव्हान्स परत केले. आई तोंडाने काही बोलत नाही पण सोऱ्या ठेवलाय त्या फडताळाकडे बघत बसते.

तर चावला नाही, नुसते दंडावर नखाचे दोन ओरखडे आहेत, मग केस होते का? पोलिसात गेलो तर त्या मुलावरच येईल का? आई तर थान्याचं नाव काढलं की जेवत नाही.

जुना_राजवाडा

नेहाताई, आधी थान्यात जाऊन रपट (एफआयआर) लिहवा, बाकी सगळं नंतर. माझ्या मेहुण्याच्या वेळेस आम्ही "बघू, बघू" करत महिना घालवला आणि मग टीआय साहेबांनी, म्हणजे ठाणेदारांनी, पहिला प्रश्न हाच विचारला की महिनाभर काय करत होता. आणि ऐकलंय की हायकोर्टाने एका दाताचे दहा हजार असा रेट ठरवलाय, मग हाड मोडल्याचे तर त्याहून कितीतरी जास्त व्हायला पाहिजेत. सोडू नका. गाडीच्या ॲक्सिडेंटचं जे ट्रिब्युनल असतं तिथे पण बघा काही होतं का.

ओपीडीतला_माणूस

ताई, सगळे हाडाच्या मागे लागलेत, मी तुमच्या पोस्टमधल्या एका ओळीवर अडकलोय. "नुसते नखाचे दोन ओरखडे." आईंना रेबीजचं इंजेक्शन दिलं का? ॲडमिट असताना कोणी विचारलं का? फ्रॅक्चरच्या गडबडीत हे हमखास सुटतं, मी स्वतः सुटताना पाहिलंय.

कुत्रा पंजे चाटतो, त्यामुळे नखाचा ओरखडा सुद्धा धरायचा असतो. रक्त आलं नसेल तर दुसरी कॅटेगरी, लस पुरते. कातडी फाटून रक्त आलं असेल तर तिसरी, मग लसीबरोबर जखमेत सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पण लागतं. त्याच वेळी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायला हवं होतं, ती वेळ आता गेली, पण लसीची गेलेली नाही. नऊ दिवस झाले म्हणून आता काय उपयोग असं अजिबात समजू नका, उशीर झाला तरी घ्यायची असते, कारण तो आजार एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही. सरकारी दवाखान्यात लस मोफत असते, आपल्याकडे हुकुमचंद पॉलिक्लिनिक म्हणजे लाल अस्पतालमध्ये मिळते. चामडीतली चार वेळा देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या.

आणि आजच त्या कुत्र्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. ओरखडल्यापासून दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, म्हणजे उद्याचा दिवस महत्त्वाचा. त्याचं लसीचं कार्ड मागा, फोटो काढून ठेवा. पण कार्ड दाखवलं म्हणून डॉक्टरला न विचारता लस टाळू नका. आज जा. उद्या नाही.

नेहा_सुदामानगर

बाप रे. कोणीच विचारलं नव्हतं. आत्ता आईला घेऊन निघते.

शेरूची_आई

नेहा, माझ्याकडे दोन कुत्री आहेत, त्यातला शेरू आठ वर्षांचा आहे आणि माझा जीव आहे तो. म्हणून सांगते, "खेळायला आला होता" हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. लॅब्राडॉर तीस-पस्तीस किलोचा असतो. तीस किलोचं पोतं कोणी तुमच्या आईच्या छातीवर फेकलं आणि म्हणालं प्रेमाने फेकलं, तर? कुत्र्याला कळत नाही समोर कोण आहे, किती वयाचं आहे, ते मालकाला कळायला पाहिजे, त्यासाठीच तर दोरी असते.

तीन वर्षांपूर्वी शेरूने आमच्या मल्टीच्या (बिल्डिंगच्या) जिन्यात भाजीवाल्या भैयाच्या पायाला धरलं होतं. चूक माझी, दार उघडं राहिलं. मी त्याला माझ्या गाडीत बसवून घेऊन गेले, सगळी इंजेक्शनं, आणि तो आठ दिवस ठेला लावू शकला नाही त्याचे रोजचे पैसे त्याच्या हातात दिले, त्याने मागितले नव्हते. माझ्या मिस्टरांना तेव्हा वाटलं मी जास्तच करतेय. मला आजही वाटतं कमी केलं, कारण तो माणूस अजूनही आमच्या जिन्यात यायला घाबरतो.

तेव्हापासून बाहेर पडताना छोटी दोरी, लिफ्टमध्ये कोणी असेल तर आम्ही थांबतो, निगमात नोंदणी केली आणि इन्शुरन्स पण घेतलाय. काही पेट इन्शुरन्समध्ये दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचं कव्हर असतं. तुमच्या शेजाऱ्यांना विचारा त्यांनी घेतलंय का, असेल तर त्यांचाही मार्ग सोपा होईल.

वकिली_२२_वर्षं

नेहाताई, मी इथेच जिल्हा कोर्टात बसतो. जरा सविस्तर लिहितो, कारण वरती काही गोष्टी मिसळल्यात.

पहिलं, चावला की नाही चावला हा मुद्दाच नाही. कायद्यात कुठेही "चावा" हा शब्द नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, त्यातलं कलम २९१ बघा, जुनं २८९. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गंभीर दुखापत कशाला म्हणायचं तेही लिहिलेलं आहे, कलम ११६, त्यात हाड मोडणं स्पष्ट आहे. हलगर्जीपणाने गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ चा खंड ख लागू शकतो, तिथे तीन वर्षांपर्यंत आहे.

पण थान्यात जाण्याआधी हे समजून घ्या की तो पाच हजारांचा दंड सरकारजमा होतो, तुमच्या आईच्या हातात एक पैसा येत नाही. शिक्षा झाली तर कोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनं सीआरपीसी) कलम ३९५ खाली भरपाई द्यायला लावू शकतं, पण ते शिक्षा झाल्यावर, आणि तारखांचं काय होतं ते मी रोज बघतो.

आता तुमचा खरा प्रश्न, तो मुलगा. तुमच्या आईला जी भीती वाटतेय ती बरोबर आहे. कलमात शब्द "ताब्यातलं जनावर" असा आहे, मालकीचं असा नाही. त्या क्षणी दोरी त्या पोराच्या हातात होती (किंवा असायला हवी होती), त्यामुळे रपट लिहिताना त्याचंच नाव आधी येण्याची शक्यता आहे, मालक बाजूला राहतील आणि महिन्याला चार पैसे कमावणारा मुलगा जामिनासाठी धावेल. फौजदारी मार्गाचा हा दोष आहे.

दिवाणी मार्गात उलट आहे. तिथे नोकराने मालकाच्या कामात केलेल्या चुकीची भरपाई मालकाला करावी लागते, मालक घरी होते की उज्जैनला होते याने फरक पडत नाही. त्यात तो म्हणतोय की सोडून द्यायला मालकीणबाईंनीच सांगितलं होतं. तुमची भरपाई तिथे आहे, नुकसानभरपाईच्या दाव्यात.

त्यात दोन वाटा असतात, कोणतीही एक दाखवता आली तरी चालतं. एक, काळजी घेतली नाही, म्हणजे रस्त्यावर दोरीशिवाय सोडला. दुसरी, कुत्र्याची ही सवय मालकाला आधीपासून माहीत होती. कुत्रा हा वाघ-अस्वलासारखा मुळातच धोकादायक प्राणी मानत नाहीत, त्यामुळे "त्यांना माहीत होतं" हे सिद्ध झालं की दावा फार बळकट होतो. आधी कोणाच्या अंगावर गेला होता का? दूधवाला, पेपरवाला, शाळेची मुलं? आठवा, विचारा.

हाडं ठिसूळ होती हे उत्तर तर चालतच नाही. ज्याला धक्का दिला तो माणूस जसा असेल तसा धरावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला पाडून "तरुण असता तर मोडलं नसतं" म्हणणं हा बचाव नाही.

भरपाईत काय काय धरता येतं ते पण सांगतो, लोक फक्त दवाखान्याचं बिल धरतात. पुढची फिजिओ, प्लेट काढायची वेळ आली तर तो खर्च, रिक्षाचे पैसे, घरात स्वयंपाकाला बाई ठेवली असेल तर तिचा पगार, सोसलेल्या वेदना, आणि बुडालेली कमाई. फराळाची वही आहे का? मागच्या दोन-तीन वर्षांच्या फोनपेच्या एंट्र्या, परत केलेले ॲडव्हान्स, रद्द केलेल्या ऑर्डरींचे मेसेज, सगळं जपा. आणि ऑर्डरी नसत्या तरी घरातल्या बाईच्या कामाला मोल नाही असं कोणी म्हणू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरण्याबद्दल सविस्तर लिहिलंय. ती गाडीच्या अपघाताची केस होती, पण तत्त्व उपयोगी पडतं.

जुना_राजवाडा साहेब, दाताचे दहा हजार हा पंजाब-हरियाणा हायकोर्टाचा नोव्हेंबर २०२३ चा निकाल आहे. एका दाताच्या खुणेला किमान दहा हजार, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटीमीटरला किमान वीस हजार. पण तो भटकी कुत्री आणि मोकाट जनावरांबद्दल आहे, तिथे पैसे मुख्यतः राज्य सरकारकडून आहेत, आणि तो त्या राज्यांपुरता आहे. इथे मालक समोर आहे, चहा पिऊन गेलाय, तेव्हा त्या हिशोबाची गरज नाही. आणि गाडीचं ट्रिब्युनल गाडीमुळे झालेल्या अपघाताला, इथे तर गाडीचा संबंधच नाही.

आज काय करायचं? गल्लीत कोणाच्या घरी कॅमेरा आहे का बघा आणि आजच फुटेज घ्या. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची (रेकॉर्डिंगच्या डब्याची) जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याभरात. नुसता मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढू नका, पेनड्राइव्हमध्ये मूळ फाइल घ्या. कोर्टात त्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, एक भाग देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, ते मी किंवा तुमचे वकील बघतील. दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) झाली होती का ते विचारा. ॲडमिट करताना कागदावर "घसरून पडल्या" लिहिलंय की "कुत्र्याने पाडलं" लिहिलंय, हे मुद्दाम वाचा.

नेहा_सुदामानगर

लस लागली, पहिली. डॉक्टर ओरडले की एवढे दिवस काय केलं. ओरखड्यातून रक्त आलं नव्हतं म्हणून सीरम लागलं नाही. कुत्रा बघून आले, छान आहे, शेपूट हलवत होता, मला बघून परत अंगावर यायला निघाला आणि मी तिथेच रडले. कार्ड मागितलं तर मॅडम म्हणाल्या शोधून देते.

वकील साहेब, कागदावर "घरी घसरून पडल्या" लिहिलंय!! आईनेच सांगितलं होतं तसं, भाऊ तेव्हा पैसे भरायला खाली गेला होता. आता विचारलं तर म्हणते "कशाला उगाच त्यांचं नाव". आता काय?

निवांत_माणूस

ताई वाईट वाटून घेऊ नका पण कुठेतरी विचार करा. शेजारधर्म नावाची गोष्ट असते. लाख रुपये आज आहेत उद्या नाहीत, माणसं तोडली की तुटतात. रात्री-बेरात्री आईंना काही झालं तर पहिले तेच धावून येतील. आणि मला विचाराल तर मल्टीत, कॉलनीत कुत्री पाळायलाच बंदी पाहिजे, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

शेरूची_आई

दादा, बंदी कोणी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचे २०१५ चे नियम स्पष्ट आहेत, सोसायटीने ठराव केला तरी कुत्रं पाळायला मनाई करता येत नाही. दोरी लावा, घाण उचला हे मात्र हक्काने सांगता येतं, आणि सांगायलाच पाहिजे.

आणि शेजारधर्म एका बाजूने असतो का हो? आई त्यांचं नाव वाचवायला दवाखान्यात खोटं बोलली, मोडलेला हात घेऊन. याहून मोठा शेजारधर्म कुठे पाहिला तुम्ही? आता त्यांची पाळी आहे. एक लाख बारा हजार जर "आज आहेत उद्या नाहीत" असतील तर ते ज्यांचा कुत्रा आहे त्यांच्याकडचे जाऊ देत, चकल्या विकणाऱ्या बाईच्या पेटीतले का?

वकिली_२२_वर्षं

नेहाताई, घाबरू नका, असं फार होतं, आपल्या घरातल्या बायका सगळ्यांना सांभाळून घेतात आणि कागद त्यांच्या विरुद्ध जातो. दवाखान्याला लेखी अर्ज द्या की दुखापतीचं कारण चुकीचं नोंदलं गेलं, खरी हकिगत अशी, आणि अर्जाच्या कॉपीवर पोचचा शिक्का घ्या. जुना कागद खोडायला सांगू नका, खाडाखोड जास्त वाईट दिसते. आज जी लस घेतली तिच्या केसपेपरवर "शेजाऱ्याच्या कुत्र्याचे ओरखडे" आणि तारीख असेल, तो कागद आता तुमच्या कामाचा आहे. ओपीडीवाल्या साहेबांनी जीव तर जपलाच, पुरावाही मिळवून दिला.

थान्यात रपट नको असेल तर निदान एक साधा लेखी अर्ज देऊन पोच घ्या, घटना जशी झाली तशी, त्या मुलाबद्दल खरंच लिहा पण मालकांनी सोडायला सांगितलं होतं तेही लिहा. उद्या गरज पडली आणि रपट घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली वरिष्ठांकडे, आपल्याकडे कमिशनरेट आहे म्हणजे डीसीपींकडे, पोस्टाने सुद्धा पाठवता येतं, आणि मग मॅजिस्ट्रेटकडे.

पैशांसाठी आधी वकिलाची नोटीस, आणि सोबत जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी ऑफिस, कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ बघा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, कोर्ट फी सुद्धा त्यातच येते. फोन करायचा तर १५१००. तिथे दावा लावायच्या आधीच समोरच्याला बोलावून बसवतात. यायची सक्ती नाही त्यांना, पण आले आणि ठरलं तर लोक अदालतीचा आदेश होतो, तो दिवाणी कोर्टाच्या हुकुमाइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि पैसे दिले नाहीत तर वसुली लावता येते. तोंडी "देतो हो" पेक्षा हजार पटीने बरं. आईंना थान्यात जायची गरज नाही, खुर्चीवर बसून बोलायचं असतं.

एकच विनंती, त्या मुलाला साक्ष द्यायला भाग पाडू नका. त्याची नोकरी त्याच घरात आहे. पुरावा दुसरीकडून शोधा.

गुलमोहर_कॉर्नर

मध्येच विचारतो, रस्त्यावरचा कुत्रा असता तर कोणाकडे मागायचं? आमच्या कोपऱ्यावर सात-आठ आहेत, माझी मुलगी क्लासला जाते.

वकिली_२२_वर्षं

मग समोर नगर निगम. २०२३ च्या ॲनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण त्यांच्याकडे आहे, ते झालं नाही आणि इजा झाली तर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण त्यासाठी आधी तक्रारींचा कागद हवा. निगमाच्या ३११ ॲपवर फोटोसकट टाका, नाही झालं तर १८१ सीएम हेल्पलाइन, नंबर जपून ठेवा, मंगळवारच्या जनसुनवाईतही अर्ज देता येतो. क्लास शाळेच्या आवारात असेल तर सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश पण जोडा, शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथून कुत्री हलवण्याचा.

नेहा_सुदामानगर

ऐका ऐका. कॅमेऱ्याचं फुटेज मिळालं, समोरच्या काकांनी लगेच दिलं, सगळं दिसतंय, आई पडताना मी बघू शकले नाही, भावाने बघितलं. आणि दुसरं म्हणजे आपल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मागे जात जात शोधलं तर ऑगस्टमध्ये एका ताईंनी लिहिलंय की "प्लीज ब्रूनोला बांधून फिरवा, आज माझ्या मुलाला सायकलवरून पाडलं", आणि खाली आमच्या या शेजाऱ्यांचं स्वतःचं उत्तर, "सॉरी, तो फ्रेंडली आहे, सवय आहे त्याची अंगावर उडी मारायची". सवय आहे!!

वकिली_२२_वर्षं

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. तो मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका, ग्रुप सोडू नका. चॅट एक्स्पोर्ट करा, स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि नंबर दिसू दे, आणि त्या सायकलवाल्या मुलाच्या आईला विचारा त्या दोन ओळी लिहून देतील का. नोटिशीत हे वाक्य जसंच्या तसं घालू.

नेहा_सुदामानगर

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगायला आले, अडीच महिने झाले.

नोटीस गेली तेव्हा चार दिवस गल्लीत फार वाईट गेले. मॅडमनी आईशी बोलणं टाकलं, देवळात तोंड फिरवायच्या. आईने एकदा मला म्हटलं परत घे ते सगळं. मी तिला फक्त तिची फराळाची वही दाखवली, २०१९ पासूनची, तिच्याच अक्षरातली, कोणाला किती किलो. ती वही घेऊन ती स्वतः विधिक सेवाच्या ऑफिसात आली, मला बोलू दिलं नाही, समोरच्यांना म्हणाली, "मला तुमच्या ब्रूनोचा राग नाही, त्या पोराचा नाही, पण माझे हे दिवस तुम्ही भरून द्यायला पाहिजेत." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग वकिलांनी व्हॉट्सॲपचा कागद पुढे केला.

डिसेंबरच्या लोक अदालतीत ठरलं. दवाखान्याचं पूर्ण बिल, फिजिओचे पैसे, आणि फराळाचे व स्वयंपाकाच्या बाईचे मिळून २८ हजार. आम्ही वेदनांचे म्हणून वेगळे मागितले होते ते सोडले, आईनेच सोडले, मला अजून बोचतं पण तिचा निर्णय होता. एक अट तिने घालून घेतली की त्या मुलाच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही, ती कागदावर लिहिली आहे. ब्रूनो आता दोरीने फिरतो, निगमाची नोंदणीही केली त्यांनी. लसीचं कार्ड शेवटी दाखवलं तर रेबीजचा बूस्टर मार्चमध्येच द्यायचा होता, दिलाच नव्हता, आता दिला. ओपीडीवाले दादा, तुमचे उपकार कसे मानू, आईचे चारही डोस झाले.

हात वळतो आता, पोळी लाटते, सोऱ्या दाबता येत नाही अजून. पहिला हप्ता आला खात्यात. दुसरा संक्रांतीच्या आत द्यायचा आहे, नाही आला तर वसुलीचा अर्ज कसा करायचा ते वकील साहेब तुम्हाला इथेच विचारीन.

वकिली_२२_वर्षं

विचारा. आदेशाची सर्टिफाइड कॉपी आत्ताच काढून ठेवा, संक्रांतीची वाट बघू नका.